जुन्या गाडीच्या हीटरची ब्लोअर मोटर कशी बदलावी

पुण्यात गाडीला हीटर कशाला हवा, हा प्रश्न जुन्या गाडीच्या मालकाला हमखास विचारला जातो. डिसेंबर-जानेवारीतला पहाटेचा गारठा सोडला तर उबेची फारशी गरज पडत नाही, हे खरे आहे. पण आपल्याकडे हीटरचे खरे काम पावसाळ्यात असते. ताम्हिणीत किंवा खंबाटकीत काचा लावून चार माणसे बसली की त्यांच्या श्वासातला दमटपणा गार पडलेल्या पुढच्या काचेवर आतून धरतो आणि फडक्याने कितीही पुसले तरी काच पुन्हा धूसर होते. त्या वेळी काचेच्या तळाशी असलेल्या फटींतून येणारा कोमट हवेचा झोत कामाला येतो, आणि ब्लोअर मोटर फिरली तरच तो झोत येतो. एसी नसलेल्या पद्मिनी, अँबेसिडर किंवा मॉरिस मायनरमध्ये जर हीटर बसवलेला असेल, तर त्याची मोटर वायपरइतकीच महत्त्वाची मानावी, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांना पाना आणि स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, पण डॅशबोर्डखाली आजवर डोके घालण्याची वेळ आलेली नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. गाडीगणिक स्क्रूंच्या जागा बदलतात, त्यामुळे आपल्या गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल मिळाल्यास ते शेजारी ठेवावे. फोक्सवॅगन बीटलच्या मालकांना मात्र यातले बरेचसे लागू पडणार नाही, कारण तिच्या मूळ रचनेत इंजिन गार करणारा पंखाच गरम हवा आत ढकलतो आणि वेगळी ब्लोअर मोटर नसते.

मोटर खरोखरच गेली आहे का?

नवशिक्यांनी सर्वांत जास्त वेळ या प्रश्नावर घालवावा. ब्लोअर फिरत नाही म्हणजे मोटर जळाली, असे गृहीत धरून अर्धा डॅशबोर्ड उतरवला जातो आणि शेवटी दोष फ्यूजच्या गंजलेल्या टोकात निघतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत तार, स्विच, फ्यूज आणि अर्थ (गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारी जोडणी) यांतला दोष मोटरच्या दोषाइतकाच संभवतो, आणि तो शोधायला एक साधा मल्टिमीटर आणि एक टेस्ट लॅम्प पुरतो.

सुरुवात फ्यूजपासून करावी. युरोपीय धाटणीच्या गाड्यांत दोन्ही टोकांना निमुळते असलेले फ्यूज असतात. त्यांत पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा आणि निळा २५ चा असतो. यातली धातूची पट्टी शाबूत दिसली तरी टोकाशी हिरवट-पांढरा गंज धरलेला असू शकतो. फ्यूज त्याच्या चापात बोटाने दोन-चार वेळा फिरवून पाहावा. तेवढ्याने ब्लोअर सुरू झाला तर दोष सापडलाच, मग चाप आणि टोके बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करून घ्यावीत. ब्रिटिश गाड्यांच्या काचेच्या फ्यूजबाबत एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. लुकास या ब्रिटिश विद्युत-भाग कंपनीच्या फ्यूजवर छापलेला ३५ हा आकडा तो किती अँपिअरला वितळतो ते सांगतो. सतत वाहू शकणारा त्याचा प्रवाह सुमारे १७ अँपिअरच असतो. अलीकडच्या बहुतेक काचेच्या फ्यूजवर मात्र सतत वाहणाऱ्या प्रवाहाचा आकडा छापतात. त्यामुळे दुकानातून ३५ चा नवा फ्यूज आणून तिथे बसवणे म्हणजे तारा आधी जळतील आणि फ्यूज नंतर, अशी व्यवस्था करणे होय.

यानंतर इग्निशन आणि ब्लोअरचा स्विच चालू करून मोटरच्या तारांवर व्होल्टेज मोजावे. मोजताना तारा मोटरला जोडलेल्याच असाव्यात. जोड सोडवून मोजले तर गंजलेल्या स्विचमधूनही मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. मोटर जोडलेली असताना तेच व्होल्टेज ५ किंवा ६ वर कोसळते. मोटरच्या दोन टोकांमध्ये साडेअकरा व्होल्टच्या वर मिळत असूनही ती फिरत नसेल, तर दोष मोटरचा आहे. व्होल्टेज कमी मिळत असेल तर मीटरचे एक टोक मोटरच्या अर्थवर आणि दुसरे बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलवर धरावे. स्विच चालू असताना तिथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थचा जोड खराब आहे. अर्थ चांगली निघाली तर स्विच, फ्यूज आणि मधली तार याच पद्धतीने एकेक करून तपासावी. मोटर अडकलेली असेल तर स्विच फार वेळ चालू ठेवू नये; अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि चांगली असलेली वाइंडिंगही त्यात जळते.

दोन वेगांच्या ब्लोअरमध्ये फक्त जोराचा वेग चालतो आणि मंद चालत नाही, अशी तक्रार असेल तर मोटरला हात लावण्याचे कारणच नाही. मंद वेगासाठी मधे एक रेझिस्टर असतो, तो जळालेला असतो.

आवाजही बरेच काही सांगतो. थंड सकाळी सुरू करताच बारीक किरकिर येते आणि थोड्या वेळाने थांबते, ती मोटरचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो त्या कोरड्या पडलेल्या बुशची. एकसारखे खरखरणे म्हणजे पंखा त्याच्याभोवतीच्या हीटरच्या पेटीला घासतो आहे किंवा आत काहीतरी पडले आहे. पुण्यात हे ‘काहीतरी’ बहुधा गुलमोहराची पाने असतात. एरंडवण्यात किंवा मॉडेल कॉलनीत झाडाखाली उभ्या असणाऱ्या गाडीच्या बॉनेटमागच्या जाळीतून मोठे पान आत जात नाही, पण गुलमोहराच्या पानाचे दल भाताच्या दाण्याएवढे असते आणि ते सरळ खाली उतरते. पेटी उघडली की त्याचा ओलसर, काळा लगदा पंख्याच्या पात्यांमध्ये गच्च बसलेला दिसतो. गाडी बरेच महिने उभी असेल तर त्या लगद्यात उंदराचे घरटेही सापडते. अशा वेळी हातमोजे आणि मास्क घालूनच सफाई करावी.

उतरवण्यापूर्वी

इंजिन पूर्ण गार असावे. बॅटरीची अर्थची वायर सर्वप्रथम सोडवावी. हे वाक्य वाचून लगेच काळी वायर सोडवू नये. १९६० च्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे, आणि मधल्या काळात कोणी ती बदलून घेतली आहे का, हे आताच पाहून कागदावर लिहून ठेवावे, कारण नवी मोटर निवडताना याच माहितीवर बरेच काही ठरते.

मोबाइलवर सर्व बाजूंनी फोटो काढावेत. प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा लावून क्रमांक टाकावा. लुकासच्या पद्धतीत हिरवी तार इग्निशनवर चालणारी फ्यूजमागची आणि काळी तार अर्थची असते. पण आपल्या गाड्यांचे वायरिंग इतक्या हातांतून गेलेले असते की रंगावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

पेटी डॅशबोर्डखाली असेल तर आधी खालचा सामान ठेवण्याचा कप्पा आणि काचेकडे हवा नेणाऱ्या दोन नळ्या काढाव्यात. या कागदी किंवा कापडी नळ्या जुन्या झाल्या की हातात येतात, म्हणून त्या ओढून न काढता पिळत, हळूहळू सोडवाव्यात, आणि फाटलेल्या असतील तर आताच बदलाव्यात. मोटर कितीही चांगली बसवली तरी फाटक्या नळीतून हवा पायांवरच जाते. पेटी इंजिनच्या बाजूला, बल्कहेडवर (इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर) असेल तर काम बरेच सोपे होते, कारण बहुधा मोटर तेवढी स्वतंत्रपणे काढता येते आणि पाण्याच्या नळ्यांना हात लावावा लागत नाही. बल्कहेडवरच्या उष्णता रोखणाऱ्या जुन्या थरात ॲस्बेस्टॉस असू शकते. तो थर कोरडा खरवडू नये. हलवावाच लागला तर पाणी फवारून ओला करावा आणि मास्क लावावा.

मर्सिडीजच्या डब्ल्यू१२४ मालिकेची जुळणी १९९५ पासून पुण्यातच झाली आणि त्या गाड्या आता शौकिनांच्या हातात येत आहेत. तिची ब्लोअर मोटर काचेच्या खाली, वायपरच्या यंत्रणेमागे असते. तिचा प्रसिद्ध एकच एक वायपर यंत्रणेसकट काढल्याशिवाय तिथवर पोहोचता येत नाही. एकाच शाफ्टवर दोन्ही बाजूंना पंखे असतात आणि वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वेगळा असतो. पहिल्याच प्रयत्नासाठी ही गाडी निवडू नये, असे मी सुचवीन.

मोटर आणि पंखा वेगळे करणे

मोटरचे स्क्रू बहुधा तीन किंवा चार असतात आणि ते गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, आणि स्क्रूच्या खाचेत नीट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरावा. मोटर बाहेर काढण्याआधी, ती थोडीफार फिरत असेल तर, कोणत्या दिशेने फिरते ते पाहून पेटीवर मार्करने बाण काढावा.

मोटर अजिबात फिरत नसेल तरी दिशा ओळखता येते. दंडगोल पिंजऱ्यासारखा पंखा असेल तर त्याभोवतीची पेटी गोगलगायीच्या शंखासारखी एका बाजूला अरुंद सुरू होऊन रुंद होत जाते. पंखा अरुंद भागाकडून रुंद भागाकडे, आणि तिथून बाहेर पडण्याच्या तोंडाकडे हवा नेईल अशा दिशेने फिरतो. साध्या पात्यांचा पंखा असेल तर पात्यांचा कल पाहावा.

पंखा शाफ्टवर कुठपर्यंत बसला आहे हे पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवावे. तो आडव्या स्क्रूने, स्प्रिंगच्या चापाने किंवा नुसता दाबून बसवलेला असतो. जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून पंखा काढताना त्याच्या मध्यभागी, शाफ्टच्या दोन्ही बाजूंना सारखाच जोर लावावा. पात्यांना धरून ओढू नये आणि शाफ्टवर हातोडी तर मुळीच मारू नये. प्लॅस्टिकच्या पंख्याच्या मध्यावर गरम पाण्यात भिजवलेले फडके थोडा वेळ धरले की तो बहुधा सैल होतो. नवी मोटर मिळते, पण जुना पंखा मिळत नाही.

दुरुस्ती की नवी मोटर?

पुण्यासारख्या गावात या प्रश्नाचे उत्तर अनेकदा दुरुस्तीच्या बाजूने लागते. मोटर उघडण्याआधी तिच्या झाकणावर आणि बॉडीवर एकाच रेषेत खूण करावी. आत गेल्यावर आधी कम्युटेटर, म्हणजे शाफ्टवरचा कार्बन ज्याला घासतात तो गोल भाग, पाहावा. त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांवर एकसारखा चॉकलेटी रंग असेल तर तो निरोगी आहे. शेजारच्या दोन पट्ट्याच काळ्या पडून जळलेल्या असतील तर आर्मेचरची (मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाची) वाइंडिंग तिथे तुटली आहे, असे समजावे. मल्टिमीटरने पट्टी आणि शाफ्ट यांच्यामध्ये तपासल्यास कुठेही जोड दिसता कामा नये; दिसला तर आर्मेचर बॉडीला लागले आहे. अशा मोटरला रिवाइंडिंग किंवा बदली हाच उपाय आहे.

पण पुष्कळदा नाना पेठेतला जुना ऑटो इलेक्ट्रिशियन मोटर हातात घेऊन, शाफ्ट बोटांनी फिरवून सांगतो, “मोटर चांगली आहे साहेब, कार्बन संपलेत.” तो बहुधा बरोबर असतो. कार्बन बदलताना आकार जुळवण्याइतकीच त्याची जातही जुळवावी लागते. १२ व्होल्टच्या मोटरचे कार्बन तांबेमिश्रित असतात आणि त्यांच्यावर लालसर झाक दिसते. मिक्सरचे किंवा ड्रिल मशिनचे काळेभोर कार्बन २३० व्होल्टसाठी केलेले असतात. ते घासून नेमके बसवता येतात, पण त्यांचा रोध जास्त असल्यामुळे मोटर मंद फिरते आणि कम्युटेटर तापतो. लालसर कार्बन थोडे मोठे मिळाले तर ते काचपेपरवर सपाट घासून मापात आणावेत, आणि खाचेत अडखळत नाहीत ना हे पाहावे. कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ करावा, एमरी पेपरने नाही; एमरीचे कण विजेला वाट करून देऊ शकतात आणि तांब्यात रुतून बसतात. पट्ट्यांमधल्या खाचांत साचलेली काजळी टोकदार काडीने काढून टाकावी.

बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात आणि तेल पिऊन ठेवतात. त्यांना हलके मशिन ऑइल द्यावे. ग्रीस छिद्रे बुजवते. शाफ्ट आडवा हलवून पाहिल्यावर खुळखुळत असेल तर बुश झिजले आहेत, आणि भोसरीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून तसे नवे बुश करून घेता येतात.

नवी किंवा दुसऱ्या गाडीची मोटर घ्यायची ठरल्यास जुनी मोटर आणि पंखा सोबत घेऊनच बाहेर पडावे. नाना पेठ आणि भवानी पेठेतली स्पेअर पार्ट्सची दुकाने, आणि बुधवारी व रविवारी मंगळवार पेठेत भरणारा जुना बाजार, या ठिकाणी फोटो दाखवून नेमकी वस्तू मिळत नाही. शाफ्टचा व्यास आणि लांबी, मोटरच्या बॉडीचा व्यास, स्क्रूंच्या भोकांमधले अंतर, ओढला जाणारा प्रवाह आणि फिरण्याची दिशा, एवढ्या गोष्टी जुळायला हव्यात. मारुती ८०० सारख्या गाडीची मोटर सहज मिळते म्हणून बरेच जण ती बसवून घेतात. ते जमू शकते, पण त्यासाठी शाफ्टला बुश आणि बॉडीला पट्टी करून घ्यावी लागते, आणि पंखा शाफ्टवर तसूभरही तिरका बसला तरी सगळा डॅशबोर्ड थरथरतो.

दिशेची अडचण नीट समजून घ्यावी. आत चुंबक असलेल्या मोटरच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या की ती उलट फिरते. चुंबकाऐवजी फील्ड कॉइल असलेली जुनी मोटर मात्र तारा उलट केल्या तरी त्याच दिशेने फिरते. म्हणजे धन अर्थ असलेल्या गाडीत चुंबकाची, आणि शिवाय एकाच तारेची, बॉडीतून अर्थ घेणारी मोटर बसवली तर ती उलटी फिरेल आणि तारा बदलून ते सुधारताही येणार नाही. अशा गाडीसाठी दोन तारांची मोटर घ्यावी. पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी थोडी हवा पुढे देतो, त्यामुळे ही चूक लक्षातच येत नाही आणि नवी मोटर घालूनही दम नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षे चालू राहते.

बसवण्याआधी बाहेरच तपासावी. मोटर पंख्यासकट घट्ट धरून, १० अँपिअरचा फ्यूज मधे घालून बॅटरीवर चालवावी आणि प्रवाह मोजावा. या काळातल्या बहुतेक ब्लोअर मोटरी ३ ते ८ अँपिअरच्या दरम्यान घेतात. चालू करताच फ्यूज उडाला किंवा प्रवाह चढत गेला तर ती गाडीत घालू नये.

मोटर कशाने गेली ते पाहावे

रिकामी झालेली पेटी हीच तपासणीची संधी आहे. हीटर कोअरच्या, म्हणजे इंजिनचे गरम पाणी ज्यातून फिरते त्या छोट्या रेडिएटरच्या, जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढावी, आणि कुठे हिरवट-पांढरा डाग किंवा चिकटपणा दिसतो का ते पाहावे. काचेवर आतून तेलकट थर धरत असेल आणि गाडीत गोडसर वास येत असेल तर कोअरमधून कूलंट झिरपते आहे. आपल्याकडे पूर्वीच्या मेकॅनिकने हीटरच्या दोन्ही नळ्या परस्पर जोडून कोअर बंद केलेलाही आढळतो. तसे असेल तर तो गाडीत परत जोडण्याआधी बाहेर काढून दाबाखाली तपासून घ्यावा.

त्याहून महत्त्वाची तपासणी पाण्याची आहे. काचेपुढच्या जाळीतून आत आलेले पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी खाली एक नळी किंवा भोक असते. ते पाने आणि चिखलाने बुजले की पाणी साचते आणि थेट मोटरवर उतरते. जाळीतून एक तांब्याभर पाणी सावकाश ओतावे आणि ते गाडीखाली किती वेळात पडते ते पाहावे. पाणी पडले नाही, तर तो निचरा मोकळा केल्याशिवाय नवी मोटर बसवू नये, कारण पुढच्या आषाढात तिचीही तीच गत होईल.

परत जोडणी

पंखा मोजून ठेवलेल्या अंतरावरच बसवावा. मोटर पेटीत ठेवून स्क्रू हलके लावावेत, पंखा हाताने पूर्ण फिरवून कुठेही घासत नाही याची खात्री करावी आणि मगच स्क्रू एकाआड एक आवळावेत. पेटीच्या कडेचा जुना फोम भुगा होऊन गेलेला असतो. तिथे नवा, पाणी न शोषणारा फोम लावावा. मोटर रबरी ग्रोमेटवर बसत असेल तर बॉडीतून अर्थ मिळत नाही, म्हणून वेगळी अर्थची तार द्यावी. ती ज्या जागी बॉडीला लागते तिथला रंग खरवडून धातू उघडा करावा, थिंबल (तारेच्या टोकाला लावायची धातूची टोपी) आवळावे आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. तारा पिळून वर इन्शुलेशन टेप गुंडाळण्याची पद्धत डॅशबोर्डखाली वापरू नये; योग्य मापाची थिंबल आणि श्रिंक ट्यूब तपकीर गल्लीत सहज मिळतात.

सगळे झाकण्याआधी बॅटरी जोडून प्रत्येक वेगावर ब्लोअर चालवून पाहावा आणि मोटरवरचे व्होल्टेज पुन्हा मोजावे. बॅटरी आणि मोटर यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक जोराच्या वेगावर राहता कामा नये. कोअर काढला असेल तर कूलंट भरताना हीटरचा नळ उघडा ठेवावा, म्हणजे आत हवा अडकणार नाही, आणि बोअरचे पाणी न घालता डिस्टिल्ड पाणी व कूलंट निम्मे-निम्मे घालावे.

शेवटची चाचणी अंधार पडल्यावर करावी. इंजिन आयडलवर ठेवून हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालू करावेत. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरीवर १३ व्होल्टच्या वर मिळायला हवेत. डायनामोच्या गाडीत तसे होणार नाही. लुकासचा सी४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन वेगात असताना, आणि आयडलवर तर जवळजवळ काहीच देत नाही. तिथे अँमीटरचा काटा उणे बाजूला किती जातो ते पाहून ठेवावे. कात्रजच्या किंवा खंडाळ्याच्या चढावर वाहतूक तुंबून गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असेल, तेव्हा अशा गाडीत ब्लोअर मंद वेगावरच ठेवावा, हीटरचा नळ अर्धा उघडावा आणि मागची एक काच बोटभर खाली घ्यावी. काच स्वच्छ राहायला तेवढे पुरते.